घोडा नसलेलं पिस्तूल

ती घटना विसरलो, असं म्हणायची सोय माझ्या घरच्यांनी ठेवलेली नाही. टीव्हीवर एखादा जुना युद्धपट लागतो, चकचकीत बुटांतला जर्मन अधिकारी कमरेचं पिस्तूल काढतो आणि आमची मुलगी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणते, "आई, बाबांचं पिस्तूल आलं गं." मग सौ. पदराला हात पुसत बाहेर येते. यानंतर मी सगळी हकिगत पहिल्यापासून सांगणार आणि मध्ये मध्ये स्वतःला थोडं हुशार करून घेणार, हे तिला पाठ आहे. ती दुरुस्त्या करायला बसते. हे लिहिताना ती शेजारी नाही, तरी शक्यतो खरं तेच लिहितो.

नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षं होती. वसई-विरार तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. मनवेलपाड्याकडे आज बघितलेलं मोकळं आवार उद्या पायाचे खड्डे होऊन दिसायचं. पश्चिमेला गासच्या बाजूला मात्र अजून वाड्या टिकून होत्या. केळी, पानवेली, विहिरी, आणि त्यांवर डोळा ठेवून फिरणारे जमिनीचे दलाल. मी फौजदार होतो. वय तिशीच्या आसपास, मिशी नुकतीच मनासारखी आलेली. हत्यारांबद्दल माझं सरकारी ज्ञान कमरेच्या रिव्हॉल्व्हरपुरतं होतं. बाकीचं सगळं ज्ञान शाळेत असताना वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवरून आणि सिनेमांतून जमवलेलं होतं, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

एका सकाळी हजेरी आटोपून मी टेबलाशी बसतो तोच एक दलाल तक्रार घेऊन आला. पांढरी सफारी, कमरेला पेजर. गासमधल्या एका वाडीवाल्यानं आपल्यावर पिस्तूल रोखलं, असं त्याचं म्हणणं. मी ताठ झालो. आमचे रायटर हवालदार कागद घेऊन बसले. हे हवालदार चष्म्याच्या वरून बघायचे आणि जे दिसेल, ऐकू येईल तेच लिहायचे. स्वतःला काय वाटतं ते कागदावर येऊ द्यायचे नाहीत. मला तेव्हा हा त्यांचा दोष वाटायचा.

"काल सकाळी मी त्यांच्या कुंपणापाशी उभा होतो. आम्ही दोघंच. तिसरं कोणी नव्हतं," दलाल सांगू लागला. "त्यांनी कमरेतून पिस्तूल काढलं. साधं नाही, ते मागे कोपरासारखं दुमडतं ना, तसलं. अंगठ्यानं घोडा मागे ओढला. टक् आवाज झाला. मला म्हणाले, 'तुझ्या आयुष्याचा पडदा मी माझ्या हातानं पाडणार आहे.'"

हवालदारांनी मान वर केली. "पडदा पाडणार? असंच म्हणाले?"

"शब्द न् शब्द."

'हल्ली गुन्हेगारही वाचलेले असतात,' एवढंच माझ्या मनात आलं. आणि कोपरासारखं दुमडणारं पिस्तूल म्हटल्यावर तर डोळ्यांसमोर रहस्यकथेची मुखपृष्ठं उभी राहिली. धमकी आणि बेकायदा शस्त्र अशा दोन्ही कलमांखाली गुन्हा दाखल केला.

आता हत्यार शोधायचं. आमचा एक खबऱ्या नालासोपाऱ्याला पानाची टपरी चालवायचा. गासच्या वाड्यांतूनच त्याच्याकडे पानं यायची, त्यामुळे तिथलं घरन् घर त्याला ठाऊक. मी चुना मागण्याच्या निमित्तानं विषय काढला.

"काकांचं पिस्तूल? आहे की साहेब," तो पान दुमडत म्हणाला. "सगळ्या गावानं बघितलंय."

"सगळ्या गावानं?"

"दर वर्षी काढतात. बायाबापड्यासुद्धा बघायला बसतात." आणि तो हसला.

का हसतोस, हे विचारायला मला दोन शब्द लागले असते. ते मी वाचवले. वार्षिक शक्तिप्रदर्शन, गावावर दहशत, असा सगळा नकाशा डोक्यात तयार झाला होता. पोलीस ठाण्यात येऊन मी आमच्या मोठ्या साहेबांना, म्हणजे ठाण्याच्या निरीक्षकांना, तो नकाशा ऐकवला. ते म्हणाले, "जा. पंच चांगले घ्या. पंचनामा नीट लिहा." ते प्रत्येक वेळी हेच म्हणायचे, म्हणून मी प्रत्येक वेळी ते ऐकायचो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास आमची जीप वाडीत शिरली. ओटीवर बाया बसून पानं मोजून करंड्यांत लावत होत्या. वाडीवाले काका, पन्नाशी ओलांडलेले, हातात कोयता, केळीचा घड उतरवून उभे. मी दरडावून म्हणालो, "पिस्तूल कुठंय?" माणूस घाबरेल अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, "माळ्यावर. पत्र्याच्या पेटीत. शिडी देतो."

पेटी उघडली आणि मला घाम फुटला. वर दोन दाढ्या, एक पांढरी मिशी, न्यायाधीशाचा काळा डगला, एक पोलिसी टोपी. माझ्या तोंडून निघून गेलं, "वेशांतराचं साहित्य!"

"नाटकाचं सामान आहे, साहेब," काका म्हणाले. "गावच्या जत्रेत आम्ही दर वर्षी नाटक करतो."

"नाटकं पुरे कर," मी म्हणालो. तळाशी मेणकापडात पिस्तूल होतं. हातात घेताच कळलं, हे लाकडाचं नाही, पत्र्याचं नाही. थंड, जड पोलाद. अंगावर जर्मन खुणा आणि नंबर. सामान नाटकाचं असेल, पिस्तूल खरं होतं. माझा आत्मविश्वास जो थोडा हलला होता तो दुप्पट वेगानं परत आला. पंचांसमोर मी ऐटीत ते कोपर वर ओढून दाखवलं आणि ते खाली येताना माझं बोट त्यात सापडलं. या संपूर्ण प्रकरणात झालेली दुखापत तेवढीच. सौ. म्हणते, नख काळं पडलं होतं. पडलं होतं.

हवालदारांनी शांतपणे वर्णन लिहिलं, लाखेचं सील केलं, पंचांच्या सह्या घेतल्या. मी बोट तोंडात धरून सही केली. वाचून नाही. मग काकांना जीपमध्ये मागे, दोन शिपायांच्या मध्ये बसवलं. ओटीवरचे सगळे हात थांबलेले होते. मी ते पाहिलं, पण त्या वेळी मला ते माझ्या रुबाबाचं लक्षण वाटलं.

ठाण्यात चौकशी सुरू केली. काका एकच सांगत राहिले. वडील दुसऱ्या महायुद्धात आपल्या फौजेत ड्रायव्हर होते, आफ्रिकेच्या वाळवंटात. तिथून ते पिस्तूल वळकटीत घालून घरी आणलं. पुढे धास्ती वाटली म्हणून लोहाराकडून नळीत शिसं ओतून घेतलं, आतली पिन काढून विहिरीत टाकली. गावात नाटक मंडळ निघालं तेव्हा ते पेटीत गेलं.

"मग दलालावर रोखलं कशाला?"

"साहेब, मला कुणाला भिववायचंच असतं तर हातात कोयता होता. तो टाकून माळ्यावर शिडी लावून चढलो असतो का?"

आज हे वाक्य मला स्फटिकासारखं स्वच्छ वाटतं. त्या दिवशी मी डायरीत लिहिलं, 'आरोपी उर्मट उत्तरे देतो.' न्यायालयानं तीन दिवसांची कोठडी दिली.

पारदर्शक पिशवीत सील केलेलं ते पिस्तूल दुसऱ्या दिवशी बघून मोठे साहेब मात्र खूश झाले. त्यांचे वडील फौजेत होते, हत्यारांचा त्यांना नाद. "हे लुगर," ते म्हणाले. "पहिल्या महायुद्धाच्याही आधी जर्मन सैन्यानं घेतलेलं. आठ गोळ्यांचं. आपल्या कार्बाईनला नऊ एमएमची गोळी लागते ना? तिचा जन्मच या पिस्तुलासाठी झालेला." ते देखणं होतं, नेम अचूक होता, पण नाजूक. चिखल-वाळू गेली की अडायचं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जर्मनांनीच त्याच्या जागी दुसरं, बनवायला सोपं पिस्तूल घेतलं. पण शत्रूच्या प्रत्येक सैनिकाला आठवण म्हणून घरी न्यायला हेच हवं असायचं. "आणि सिनेमावाल्यांनी तर ते सोडलंच नाही," साहेब म्हणाले. "हे हातात दिलं की माणूस वाईट आहे हे सांगावं लागत नाही. आपल्या हिंदी सिनेमातले खलनायकसुद्धा हेच घेऊन फिरतात. लढाई संपून पन्नास वर्षं झाली, याची नोकरी चालूच."

"आमच्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवर पण हेच असायचं, सर," मी उत्साहानं म्हणालो.

"तुम्ही कागदपत्रं ठेवून जा," साहेब म्हणाले.

बाहेर बाकावर काकांच्या पत्नी बसल्या होत्या. मांडीवर जेवणाचा डबा, हातात घडी घातलेला एक कागद. मला बघून उठल्या.

"साहेब, एक विचारू? काल संध्याकाळी तो माणूस घरी आला होता. दलाल. म्हणाला, वाडीतनं रस्ता द्या, या कागदावर काकांची सही आणा. मी ठाण्यात जाऊन सांगतो, गैरसमज झाला, तक्रार मागे. नाहीतर म्हणाला, पिस्तुलाची केस आहे, पाच-सात वर्षं कुठं गेली नाहीत."

मी कागद उलगडला. रस्त्याची रेघ वाडीच्या बरोब्बर मधून गेली होती.

"ह्या रेघेत आमची विहीर आहे," त्या म्हणाल्या. "विहीर गेली की पानवेल गेली, मग राहिलं काय? पण ते आत आहेत. तुम्हीच सांगा. सही करायला सांगू त्यांना?"

पोलिसाला लोक हजार प्रश्न विचारतात, पण आपण ज्याला आत टाकलं त्याच्या बायकोनं आपल्यालाच असा सल्ला विचारावा, ही वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली. धमकी मिळालेला माणूस धमकी देणाऱ्याच्या घरी दोनच दिवसांनी एकटा कागद घेऊन जातो? जीव मुठीत धरलेला माणूस असा वागत नाही. मी म्हणालो, "उद्या दुपारपर्यंत सही करू नका." आवाज खात्रीचा ठेवला. आत खात्री अर्धीच होती.

तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. टेबलावर फिर्याद आणि पंचनामा शेजारी शेजारी उघडून ठेवले होते.

"हे वाचा. मोठ्यानं."

मी फिर्याद वाचली. 'अंगठ्याने घोडा मागे ओढला, टक् असा आवाज झाला.'

"आता हे."

पंचनाम्यात हवालदारांच्या सरळ अक्षरात लिहिलं होतं, 'सदर पिस्तुलास बाहेरून घोडा दिसून येत नाही.'

"खाली सही कुणाची?"

"माझी, सर."

"लुगरला बाहेर घोडा नसतोच," साहेब म्हणाले. "आतल्या आत काम चालतं. सिनेमात मागून खटका वाजवतात, ती त्यांची हौस. तुमच्या फिर्यादीला तो कुठून ऐकू आला?"

हवालदार दारात उभे होते. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं. तेवढी दया त्यांनी केली.

हवालदार आणि मी त्याच दुपारी गासला गेलो. नाटक मंडळाच्या लोकांना विचारलं, या पिस्तुलाला घोडा नाही, मग नाटकात काय करता? ते म्हणाले, आवाजाचं काम अर्नाळ्याच्या तात्यांचं. तात्या म्हणजे होडीवरून निवृत्त झालेले कोळी, काकांचे जुने मित्र. आम्ही तसेच अर्नाळ्याला गेलो. तात्या किनाऱ्यावर जाळं सांधत बसले होते.

"पिस्तूल खरं हाय, पन मुकं हाय," तात्या म्हणाले. "पैल्या वरसी काकानं नुसतंच रोखलं, त लोकं हसली. म्हनली, ह्याचा घोडा कुठं हाय? सिनेमात कसा टक् होतो? मंग काका रिकामाच अंगठा मागं नेतो आनि मी पडद्याआड बसून हे वाजवतो." त्यांनी कमरेच्या पिशवीतून अडकित्ता काढला आणि मिटला. टक्. "इन्स्पेक्टरच्या हातात दिलं तरी टक्, स्मगलरच्या हातात दिलं तरी टक्. एकदा मोगल सरदाराच्या कमरेला पन दिलं होतं. त्याला टक् नाय, त्याला निसतं मिरवायला."

"यंदा कशात होतं?"

"यंदा काका वाईट मानूस. पिस्तूल काढतो, टक्, आनि बोलतो, 'तुझ्या आयुष्याचा पडदा मी माझ्या हातानं पाडणार हाय.' लय टाळ्या."

हवालदारांनी फिर्यादीची नक्कल माझ्या हातात दिली. पुढचा प्रश्न मी विचारला. "पुढच्या खुर्च्यांवर कोण होतं?"

"ज्यांनी मांडव दिला ते. तो सफारीवाला होता ना, जमिनीचा. त्याला नारळ दिला, शाल दिली. सगळं नाटक बघून गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दलालाला पुरवणी जबाबासाठी बोलावलं. साहेब खुर्चीत, मी समोर, हवालदार कागद घेऊन. मागच्या फळीच्या पार्टिशनआड तात्या, त्यांना चहा दिलेला. कल्पना माझी होती. साहेबांनी ती मान्य केली, हे त्यांचं मोठेपण किंवा त्या दिवशी त्यांना कंटाळा आला असावा.

"पुन्हा एकदा सांगा," मी म्हणालो. "हातानं करून दाखवा, म्हणजे नीट लिहिता येईल."

दलाल रंगात आला. उभा राहिला, हात लांब केला. "असं रोखलं. मग अंगठा असा मागे नेला..."

पार्टिशनमागून आवाज आला. टक्.

"हाच!" तो म्हणाला. "हाच आवाज, साहेब. अगदी असाच."

हवालदार लिहीत होते. "असाच," ते पुटपुटले आणि पूर्णविराम दिला.

"तात्या, या बाहेर," मी म्हणालो.

तात्या एका हातात कप आणि एका हातात अडकित्ता घेऊन आले. दलालानं त्यांना ओळखलं. जत्रेत शाल अंगावर घेताना नाटकवाल्यांच्या रांगेत तात्याही उभे होते. तो हळूहळू खाली बसला. मी विचारलं, "तुम्ही म्हणालात तिथं तिसरं कोणी नव्हतं. मग अडकित्ता घेऊन हे कुठं बसले होते? केळीत?"

त्यानंतर फारसं विचारावं लागलं नाही. तो वाडीवर गेला होता हे खरं. रस्ता मागितला, काका नाही म्हणाले. शिवी नाही, धमकी नाही. उलट वाडीवरनं माणूस रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून केळ्यांची एक फणी दिली. ती फणी घेऊन घरी जाताना त्याला जत्रेतलं नाटक आठवलं.

साहेबांनी पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात पाठवला आणि काकांना सोडायचा आदेश आला. पुढे प्रयोगशाळेनं कळवलं की नळीत शिसं आहे, पिन नाही, दुरुस्ती करूनही हे हत्यार चालणार नाही. अशा निकामी, जुनाट हत्याराला कायद्यातच सूट आहे. गुन्हा 'ब समरी' झाला, म्हणजे तक्रार हेतुपुरस्सर खोटी, आणि खोट्या फिर्यादीचा खटला दलालावर उभा राहिला. कागदावर सगळं स्वच्छ झालं.

पण मला शिकवलं ते कागदावरच्या भागानं नाही. आदेश आला त्या दिवशी न्यायालयाच्या आवारात काकांचे नातलग रिक्षा घेऊन उभे होते. काका रिक्षात बसेनात. माझ्याकडे आले. तोवर मी त्यांना अहो-जाहो करू लागलो होतो, उशिरा का होईना.

"साहेब, तुम्ही मला सकाळी नऊ वाजता जीपमधून नेलंत. सगळ्यांनी बघितलं. आता रिक्षातून परत गेलो तर लोक म्हणतील, कसाबसा सुटला. उद्या सकाळी नऊ वाजता जीपमधून आणून सोडा. पुढच्या सीटवर."

मी साहेबांकडे बघितलं. ते म्हणाले, "जा. आणि टोपी घालून जा."

काका ती रात्र नालासोपाऱ्याला मेहुण्याकडे राहिले. सकाळी नऊ वाजता आमची जीप वाडीत शिरली. काका पुढे, मी मागे. ओटीवर बाया पानं लावत होत्या. काका उतरले आणि मला म्हणाले, "आता सांगा त्यांना."

गुन्हेगारांवर ओरडण्यात माझा घसा तयार झालेला होता. पण त्या दिवशी तो साथ देईना. मी म्हणालो, "चूक आमची झाली. यांनी काही केलेलं नाही."

मग ओटीच्या टोकाला बसलेली एक म्हातारी, करंडीवरून मान वर करून म्हणाली, "जरा मोठ्यानं सांग रे बाबा. मागं ऐकायला आलं नाय."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी कुंपणापलीकडच्या वाडीतही ऐकू गेलं असेल. मग काकूंनी चहा दिला आणि बायांचे हात पुन्हा पानांवर चालू लागले.

नंतरच्या नोकरीत माझ्याकडून चुका झाल्या नाहीत असं नाही. पण ज्याला चुकीनं आणलं, त्याला मी स्वतः, दिवसाउजेडी, पुढच्या सीटवर बसवून घरी सोडत आलो. हाताखालच्या पोरांना हेच सांगितलं. आरोप ठेवताना आपला आवाज आपोआप चढतो, तो मागे घेताना घशात बसतो. तिथं जोर लावावा लागतो, आणि तो लावणं हा नोकरीचाच भाग आहे.